काशीचे घाट आणि दूरचे जवळ आणणारे भिंग

काशीस गेलेल्या मराठी माणसाला तेथील घाट सर्वस्वी परके वाटत नाहीत. अहिल्याबाई होळकरांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट अशी ओळखीची नावे नावेतून जाताना एकामागून एक समोर येतात. परंतु हेच घाट छायाचित्रात आणावयाचे म्हटले, की भूगोल आडवा येतो. गंगा येथे उत्तरवाहिनी होते. सारे शहर पश्चिम तीरावर, नदीच्या अर्धचंद्राकृती वळणावर वसलेले आहे आणि समोरचा पूर्व तीर म्हणजे वाळूचे विस्तीर्ण पात्र. अस्सीपासून राजघाटापर्यंत सहा-साडेसहा किलोमीटरांत ऐंशीहून अधिक घाट आहेत. सूर्य वाळूच्या बाजूने उगवतो आणि त्याचे पहिले किरण थेट पायऱ्यांवर पडतात. जो घाटावर उभा राहतो, त्याला माणसे दिसतात, घाट दिसत नाही. घाट पाहावयाचा तर नावेतून पाण्यात जावे लागते, आणि पाण्यात गेले की माणसे मुंगीएवढी होतात.

या अडचणीवर छायाचित्रकाराच्या हाती असलेला उपाय म्हणजे टेलिफोटो झूम भिंग. एकाच नळीत लहानमोठी अनेक केंद्रांतरे साठविणारे आणि दूरची वस्तू जवळ ओढून आणणारे हे साधन आज इतके सरावाचे झाले आहे, की त्याला इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. अलीकडे फिल्मचे जुने कॅमेरे तरुण हातांत पुन्हा दिसू लागले आहेत, आणि त्यांबरोबर १९६० ते १९८५ या काळातली जुनी झूम भिंगेही कपाटांतून बाहेर येत आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर केवळ बाजाराचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले, की भिंगाच्या इतिहासाबरोबर माणसाने माणसाकडे किती अंतरावरून पाहावे, हाही प्रश्न उपस्थित होतो. काशीइतका तो स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल.

भिंगापूर्वी काशीचे चित्र हाताने निघत होते. ज्याने पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तो जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने काढलेली घाटांची आणि मंदिरांची चित्रे ‘बनारस इलस्ट्रेटेड’ या नावाने १८३० पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. चित्रकाराला अंतराचे बंधन नसते. दूरचे शिखर मोठे करावे, जवळची भिंत गाळावी, नदीच्या मध्यावर उभे असल्याप्रमाणे घाट रेखाटावा आणि त्यावरची माणसे मात्र दहा पावलांवरून पाहिल्यासारखी काढावीत, एवढे स्वातंत्र्य त्याच्या हाताला असते.

हे स्वातंत्र्य कॅमेऱ्याने काढून घेतले. १८६३ साली भारतात आलेल्या सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६५ च्या सुमारास मणिकर्णिकेजवळच्या देवळांची चित्रे घेतली. त्या काळची पद्धत ओल्या काचेची होती. काचेला रसायनाचा लेप द्यावयाचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्यापूर्वी तंबूतल्या अंधारात धुवून काढावयाची. प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागे, म्हणून हलत्या नावेवरून चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते, आणि हलणारी माणसे काचेवर धुरासारखी विरून जात. त्या चित्रांत दगड आहेत, छाया आहेत, शिखरे आहेत. माणसे थोडी आहेत, आणि जी आहेत ती सांगितल्याप्रमाणे स्तब्ध उभी आहेत. तरीही ही चित्रे अमोल आहेत. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे जे उंच मिनार एके काळी काशीच्या दर्शनाचे पहिले चिन्ह होते, ते आज उभे नाहीत. ते पाहावयाचे तर जुन्या चित्रांतच पाहावे लागतात.

चलच्चित्राच्या आरंभीही अंतराची अडचण तशीच होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. कथा काशीच्या स्मशानाची. चित्रण मात्र महाराष्ट्रातच झाले. तेव्हाचा कॅमेरा तिपाईवर रोवलेला असे. पात्र जवळून दाखवावयाचे तर ते तरी पुढे यावे किंवा कॅमेरा उचलून न्यावा, याशिवाय मार्ग नव्हता. पुढे १९२० च्या सुमारास फाळके चित्रपटव्यवसायापासून दूर होऊन काही काळ खुद्द काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांच्या हातून ‘रंगभूमी’ हे नाटक लिहून झाले.

दूरचे जवळ आणण्याची युक्ती तत्त्वतः जुनीच होती. बहिर्गोल भिंगामागे अंतर्गोल भिंग ठेवले असता प्रतिमा मोठी पडते, हे केप्लरने १६११ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. तथापि छायाचित्रणासाठी तिचा नीट उपयोग १८९१ मध्ये झाला. इंग्लंडमध्ये टॉमस डालमेयर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे व आडोल्फ श्टाइनहाइल हे तिघे त्या एकाच वर्षी स्वतंत्रपणे त्या रचनेपर्यंत पोहोचले. साध्या भिंगाचे केंद्रांतर अर्धा मीटर असेल तर ते काचेपासून वा फिल्मपासून तेवढेच दूर धरावे लागते आणि कॅमेरा भल्या मोठ्या भात्यासारखा लांबतो. टेलिफोटो रचनेत मागचा अंतर्गोल गट किरणांना किंचित फाकवितो, त्यामुळे भिंगाची प्रत्यक्ष लांबी त्याच्या केंद्रांतराहून कमी राहते. ‘टेलिफोटो’ हा शब्द आज कोणत्याही लांब भिंगाला लावला जातो, परंतु त्याचा नेमका अर्थ हा आहे. डालमेयरने १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

असे भिंग लांबचे पाहू शके. पण एकाच मापाने. निरनिराळ्या मापांसाठी निरनिराळी भिंगे बाळगावी लागत. ही मापे एकाच नळीत चढती-उतरती ठेवण्याची कल्पना अमेरिकेत १९०२ च्या एका पेटंटात आढळते, आणि चित्रपटासाठी विकावयाचे पहिले ठळक भिंग १९३२ साली इंग्लंडच्या टेलर-हॉब्सन कारखान्यातून आले. त्याचे नाव ‘वारो’ आणि माप ४० ते १२० मिलिमीटर. प्रगती येथून वेगाने व्हावयास हवी होती. तशी ती झाली नाही, आणि याचे कारण काचेतच होते. झूम भिंगात एक गट फोकस साधतो, दुसरा पुढेमागे सरकून माप बदलतो, तिसरा त्या सरकण्याने बिघडलेला फोकस पूर्ववत करतो आणि चौथा प्रतिमा फिल्मवर उमटवितो. म्हणजे काचा पुष्कळ. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे २० पृष्ठभाग ओलांडता ओलांडता निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच नाहीसा होतो, आणि परतलेला प्रकाश आतल्या आत घुमून चित्रावर धुरकटपणा आणतो. १९३५ मध्ये जर्मनीतील त्साइस कारखान्यात आलेक्झांडर स्माकुला याने काचेवर अतिसूक्ष्म लेप देण्याची रीत शोधली, तेव्हा झूम भिंगाचा मार्ग मोकळा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत हा मार्ग भराभर चालला गेला. अमेरिकेत फ्रँक बॅक याने ‘झूमार’ हे भिंग काढले. चित्रवाणीवरून खेळ दाखविण्यास ते विशेष उपयोगी पडले. फ्रान्समध्ये रॉजे क्युव्हिलिए याने ‘पां-सिनोर’ रचले. पिएर आंजेन्यू याने मापांची दहापट झेप घेणारी भिंगे सिद्ध केली, आणि साठीच्या दशकात ती जगभरच्या चित्रपटगृहांतून पडद्यावर बोलू लागली. साध्या छायाचित्राच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम १९५९ मध्ये आले, तेही फ्रँक बॅकच्याच रचनेचे. फोइग्टलेंडर या जुन्या जर्मन पेढीने ते बाजारात आणले. त्याचे माप ३६ ते ८२ मिलिमीटर होते, म्हणजे दूरचे पाहण्यास ते अपुरेच. परंतु त्याच वर्षी जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने, अर्थात आजच्या निकॉनने, ८५ ते २५० मिलिमीटरचे भिंग जाहीर केले. जवळजवळ दोन किलो वजनाची ती नळी आजच्या सर्व टेलिफोटो झूम भिंगांची पूर्वज म्हणावी लागेल.

याच वर्षांत काशीचे घाट भारतीय चित्रपटात अजरामर झाले, आणि ते झूमवाचून. सत्यजित राय ‘अपराजितो’च्या चित्रणासाठी १९५६ च्या आरंभी बनारसला गेले होते, तेव्हाची त्यांची रोजनिशी पुढे त्यांच्या लेखसंग्रहात समाविष्ट झाली. घाट खरे होते. हरिहरचे घर मात्र कलकत्त्यातील स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेले होते, आणि त्याच्या अंगणावर कापड ताणून त्यावरून परावर्तित केलेला मवाळ प्रकाश ही छायालेखक सुब्रत मित्र यांची प्रसिद्ध योजना होती. या चित्रपटात घाटाच्या पायऱ्यांवरून माणसाबरोबर आपणही उतरतो, कारण कॅमेरा तेथवर नेलेला आहे. हरिहरच्या अखेरच्या क्षणी कबुतरांचा थवा आकाशात उसळतो, तोही प्रेक्षकाला त्या स्थळीच उभा असल्यासारखा भासतो. १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला.

राय यांनी झूमचा अर्थपूर्ण वापर केला तो १९६४ च्या ‘चारुलता’त, आणि तेथे घाट नाहीत, कलकत्त्यातील एका श्रीमंत घराच्या बंद खिडक्या आहेत. एकटी चारू दांडीची छोटी दुर्बीण डोळ्यांना लावून खिडकीच्या फटींतून रस्त्यावरची माणसे पाहते. मग तिचा नवरा तिच्या जवळून पुस्तकात डोके घालून निघून जातो. तिच्याकडे त्याचे लक्षही जात नाही. ती तीच दुर्बीण त्याच्यावर रोखते. नंतर तिचा हात खाली येतो आणि त्याबरोबर चित्र झूमने झपाट्याने मागे सरते. जवळ असलेला माणूस दुर्बिणीतून पाहावा लागला, आणि दुर्बीण काढताच तो किती दूर आहे हे कळले. दूरचे जवळ आणणाऱ्या साधनाविषयी यापेक्षा नेमके भाष्य क्वचितच कोणी केले असेल. झूमने चौकट आवळते. अंतर जेथल्या तेथे राहते. पुढे १९७८ साली ‘जय बाबा फेलुनाथ’ या रहस्यपटासाठी राय पुन्हा काशीच्या घाटांवर आले, तेव्हा रंगीत फिल्म आणि झूम या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात पुरत्या रुळल्या होत्या.

हा फरक केवळ कवितेतला नाही, तो भूमितीतलाही आहे. चित्रातले जवळ-दूर हे भिंगावर अवलंबून नसते, पाहणाऱ्याच्या जागेवर असते. पायरीवर दोन माणसे दहा मीटरांच्या अंतराने एकामागे एक बसली आहेत असे धरू. पहिल्यापासून दहा मीटरांवर उभे राहिले तर पुढचा मागच्याच्या दुप्पट मोठा दिसतो. नावेत शंभर मीटरांवर असले तर तो केवळ एक दशांशाने मोठा दिसतो. टेलिफोटो भिंगाने ती दोघे मोठी होतात, पण परस्परांना चिकटलेलीच राहतात. म्हणूनच काशीच्या लांब भिंगाने घेतलेल्या चित्रांत पायऱ्या, छत्र्या, शिखरे आणि माणसे एकाच पडद्यावर विणल्यासारखी दिसतात. शिंदे घाटाजवळचे कलते रत्नेश्वर मंदिर नावेतून असे टिपले, की मागची उभी भिंत त्याला येऊन भिडते आणि त्याचा कल अधिकच जाणवतो. हे त्या भिंगाचे सौंदर्य आहे. मात्र त्यालाच घाटाचे संपूर्ण सत्य मानता येत नाही.

आता निवडीकडे वळता येईल. मापांचा विचार आकड्यांनी करावा. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असते. घाटापासून शंभर मीटरांवर नाव असेल, तर नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग ७२ मीटर रुंदीचा पट्टा टिपते आणि त्यात उभा माणूस चौकटीच्या उंचीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढा भरतो. ८० मिलिमीटरला तो पट्टा ४५ मीटर होतो. २०० मिलिमीटरला १८ मीटर उरतो आणि माणूस चौकटीच्या सातव्या हिश्शाएवढा होतो. म्हणजे ८० ते २०० या मापांत एक अख्खा घाट आणि त्यावरचा एक घोळका, ही दोन्ही चित्रे नाव न हलविता मिळू शकतात. काशीसाठी हे माप सोयीचे ठरते, ते या हिशेबाने.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. भर उन्हात १०० वेगाच्या फिल्मवर एफ १६ छिद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, हा जुना नियम सर्वांस विदित आहे. सूर्योदयानंतरच्या कोवळ्या उन्हात प्रकाश त्याच्या आठव्या हिश्शावर येतो असे धरल्यास, एफ ४.५ छिद्राच्या भिंगाला सेकंदाचा सुमारे १६० वा भाग द्यावा लागतो, आणि एफ ३.५ ला सुमारे २६० वा भाग पुरतो. हातात धरलेले २०० मिलिमीटरचे भिंग हलू नये म्हणून किमान दोनशेवा भाग हवा, असा छायाचित्रकारांचा प्रघात आहे, आणि येथे तर पायांखालची नावच हलत असते. तिपाईचा नावेत उपयोग नाही, कारण तिपाईही नावेबरोबर डोलते. म्हणजे मंद फिल्म वापरणाऱ्याने एफ ३.५ चे भिंग घ्यावे. एफ ४.५ वर समाधान मानणाऱ्याने ४०० वेगाची फिल्म भरावी. पूर्वी पुष्कळांच्या आवडीची असलेली मंद कोडाक्रोम आता मिळत नाही. तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि ती धुणारी अखेरची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे कृष्णधवल चित्रे घेणाऱ्यास ४०० वेगाची फिल्मच सहसा हाताशी येते, आणि काशीच्या पहाटेला ती उत्तम साथ देते.

या कसोट्यांवर जुन्यांपैकी काही भिंगे ठळकपणे पुढे येतात. निकॉनचे ८० ते २०० मिलिमीटर, एफ ४.५ हे भिंग १९७० च्या सुमारास आले. त्यात एकच रुंद कडे असून ते पुढेमागे सरकविले की माप बदलते आणि फिरविले की फोकस साधतो. हलत्या नावेत एका हाताने दोन्ही कामे व्हावीत, ही सोय लहान नाही. विविटार हे अमेरिकन नाव; भिंगे मात्र जपानी कारखान्यांतून बनत. त्यांच्या ‘सिरीज वन’ मालिकेतील ७० ते २१० मिलिमीटरचे, सर्व मापांना एफ ३.५ असणारे भिंग सत्तरीच्या दशकात फार वाखाणले गेले. त्याच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक कारखाना सांगतात. २२ असल्यास ते किनोचे, ३७ असल्यास तोकिनाचे. दोन्ही एफ ३.५ ची आहेत. २८ ने आरंभ होणारे कोमिनेचे भिंग मात्र एफ २.८ ते ४ असे बदलत्या छिद्राचे आहे. ज्याला वजन नको, त्याने ऑलिंपसचे ७५ ते १५० मिलिमीटरचे आटोपशीर भिंग पाहावे. मिनोल्टाच्या ७० ते २१० मिलिमीटर, एफ ४ या रचनेला तर लायकासारख्या मानी पेढीने १९८४ मध्ये आपले नाव दिले, यावरून तिची योग्यता कळून येते.

छिद्र सर्व मापांना सारखे असणे ही केवळ प्रतिष्ठेची बाब नाही. जुन्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा हिशेब बहुधा हाताने करावा लागतो. माप बदलताच छिद्रही बदलत असेल, तर प्रत्येक वेळी तो हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि तेवढ्यात नाव पुढे गेलेली असते.

भिंग आणि कॅमेरा यांची जुळणीही आधी तपासावी. कंपनी एक असली म्हणजे भिंग बसेलच असे नाही. कॅननची जुनी एफडी भिंगे त्याच कंपनीच्या १९८७ नंतरच्या ईओएस कॅमेऱ्यांवर सरळ बसत नाहीत. निकॉनची १९७७ पूर्वीची, बदल न केलेली भिंगे नंतरच्या काही कॅमेऱ्यांवर जोराने बसविली, तर कॅमेऱ्याच्या कड्यातील नाजूक भाग मोडतो.

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर कडक निर्बंध होते, आणि परदेशी भिंग हे पुष्कळांना परगावाहून येणाऱ्या नातलगाकडूनच मिळे. म्हणून भारतात जुनी भिंगे हातोहात फिरलेली असतात. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार आणि दिल्लीत चांदनी चौकातील कूचा चौधरी येथे ती आजही पारखून घेता येतात. पारख करताना भिंग उजेडासमोर धरून आतून पाहावे. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. गंगेकाठच्या पावसाळी दमटपणात ती झपाट्याने वाढते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. छिद्राच्या पात्यांवर तेल असेल तर पाती वेळेवर मिटत नाहीत आणि चित्रावर हवा त्याहून अधिक प्रकाश पडतो. नळी खाली धरताच ती आपल्या वजनाने घसरू लागली, तर आतले कडे झिजले आहे असे समजावे. शेवटी सर्वांत लांब मापावर, छिद्र पूर्ण उघडून दूरच्या अक्षरांवर फोकस साधावा आणि मग माप कमी करीत यावे. अक्षरे अखेरपर्यंत स्पष्ट राहिली तर आतील गटांची जुळणी शाबूत आहे.

एवढे झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो दुकानदाराला विचारता येत नाही. ज्याला दोनशेचे भिंग मिळते त्याला तीनशेचे, चारशेचे हवेसे वाटते. काशीत हा मोह कोठे नेतो, ते मणिकर्णिकेवर दिसते. तेथे चिता अहोरात्र जळत असतात, आणि त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, असा तेथील संकेत आहे. शोकात असलेल्या कुटुंबाची आणि पिढ्यान्पिढ्या ते काम करणाऱ्या डोम लोकांची त्यामागची भावना समजण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नाही. लांब भिंगाने तो संकेत कोणाच्या नकळत मोडता येतो. म्हणून तर तो पाळण्याची जबाबदारी भिंग धरणाऱ्यावर अधिक पडते. अमेरिकन चित्रपटकार रॉबर्ट गार्डनर यांनी काशीतील मृत्यू आणि अंत्यसंस्कारांवर १९८६ साली ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ हा सुमारे दीड तासाचा माहितीपट केला. त्यात निवेदन नाही, संवादांचा अनुवादही नाही. कोणी त्याला काव्य म्हटले. कोणी असा आक्षेप घेतला, की येथे सर्व काही दाखविले आहे आणि ज्यांना दाखविले त्यांचे म्हणणे मात्र कोणाच्याच कानी पडत नाही. तो वाद मानवशास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षे चालला. पाहणे आणि जाणणे यांतले अंतर भिंगाने भरून निघत नाही, हाच त्या वादाचा गाभा होता.

यावरून निवडीची एक साधी मर्यादा सुचते, आणि ती आकड्यांतच सांगता येते. २०० मिलिमीटरच्या भिंगातून दहा मीटरांवरचा माणूस गुडघ्यापासून वर चौकट भरून येतो. दहा मीटर हे असे अंतर आहे, की त्या माणसाने मान वर केली तर छायाचित्र घेणारा त्याला दिसतो. तो हाताने नको म्हणू शकतो, हसू शकतो, पाठ फिरवू शकतो. तीच चौकट ६०० मिलिमीटरच्या भिंगाने तीस मीटरांवरून मिळेल. पण तेथून त्याचे नको म्हणणे ऐकू येणार नाही. पक्ष्यांसाठी, खेळांसाठी, शिखरांवरच्या कोरीव कामासाठी लांब भिंगे अवश्य असावीत. घाटावर स्नान करणाऱ्या, जप करणाऱ्या, आपल्या माणसाला निरोप देणाऱ्या माणसांसाठी दोनशेच्या पुढे जाण्याचे कारण सहसा नसते. जुन्या कारागिरांनी ८० ते २०० हे माप हाताला पेलणारे वजन आणि काचेची मर्यादा पाहून ठरविले. काशीच्या पायऱ्यांवर ते माणसामाणसांतल्या अंतरालाही नेमके बसते. एवढे साधून झाल्यावर पहाटेच्या नावेत बसावे, सर्वांत लांब मापावर फोकस लावावा आणि सूर्य वाळवंटावर येण्याची वाट पाहावी.